एका चालीची दोन माणसं

निवृत्ती सूर्यवंशीनं खाकी टोपी सारखी केली, मिशीला पीळ दिला, बगलेतली काठी सावरली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दाराकडे बोट नेलं. आता घंटा वाजणार, कुणीतरी दार उघडणार, समोर फौजदार बघून दचकणार, आणि मग तो गरजणार, ‘घरातली सगळी माणसं हजर करा! तुमच्या मांजरानं शेजारची साय खाल्ल्याची फिर्याद आहे!’ पंचेचाळीस वर्षं त्यानं हे वाक्य गावोगावच्या दारांत म्हटलं होतं. नुसत्या त्या दचकण्यावर आणि मागून येणाऱ्या हसण्यावर त्याचं घर चाललं होतं.

पण त्याचं बोट घंटेला लागायच्या आत दारच बोललं.

“निवृत्ती सूर्यवंशी. वय पासष्ट. व्यवसाय बहुरूपी. नोंदीत काही गैर नाही.”

आतून बाईचा आवाज आला, “अगं बाई, बहुरूपी होय! काका, आज नको हं, कुकर लावलाय.”

झालं. सोंग दाराबाहेरच उतरलं. निवृत्ती काठी टेकत तीन जिने उतरला. काठी फौजदाराची होती, पण आता गुडघ्यांनाही लागायची.

हे सगळं झालं होतं ते उन्हामुळे. सोनवळचा उन्हाळा आता आठ महिन्यांचा झाला होता. नाकातोंडावरून पंचा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती. गावच्या गाव तोंड बांधून हिंडायला लागल्यावर चेहरे ओळखणारे कॅमेरे खांबांवर नुसते लोंबकळत राहिले आणि चोरांची चंगळ झाली. मग पोलिसांनी चालनोंद आणली. माणूस तोंड झाकेल, हातमोजे घालेल, पण चालेल तर आपल्याच पायांनी ना! टाच जमिनीला किती वेळ लागते, गुडघा किती वाकतो, कंबर कुठल्या बाजूला झुकते, हात पायाच्या किती मागे राहतो, अशी एकवीस मापं खांबावरचा कॅमेरा तुम्ही दहा पावलं टाकायच्या आत घेतो आणि तुमचं नाव सांगतो. इमारतींची दारं, बसचे दरवाजे, दवाखाने, सगळं हळूहळू त्याला जोडलं गेलं.

खोटं कशाला बोला, चालनोंदीनं भलंही केलं. मंगळसूत्रं ओढणारे आठवड्याभरात सापडायला लागले. भान हरपून घराबाहेर पडलेली म्हातारी माणसं संध्याकाळच्या आत घरी पोचायला लागली. नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त दाराशी कुणी अनोळखी म्हणून यायचं राहिलं नाही, आणि त्यावर जगणारा माणूस सोनवळमध्ये एकच होता. त्याच्यासाठी कोण थांबणार?

एकदा मात्र गंमत झाली. निवृत्ती गोसाव्याच्या सोंगात, एक पाय ओढत, स्टँडवरून चालला होता. खांबावरचा हिरवा दिवा पिवळा झाला आणि भोंगा ओरडला, “अनोळखी.” हवालदार धावत आला. निवृत्तीनं त्याला हात जोडून, ‘बाबा रे, मीच’ म्हणून पाय सरळ करून दाखवला. दिवा पुन्हा हिरवा झाला. हवालदार हसत सुटला, पण ही गोष्ट वर कळवायला विसरला नाही.

आठवड्याभरात निवृत्तीला चालनोंद केंद्रातून बोलावणं आलं. तिथं अश्लेषा पाटणकर नावाच्या तांत्रिक अधिकारी होत्या. पस्तिशीच्या, डबासुद्धा उभ्यानंच खाणाऱ्या. त्यांनी त्याला एका चाळीस मीटर लांबीच्या बोळात उभं केलं.

“काका, यंत्राला फसवणारा माणूस आम्हाला चोरांच्या आधी गाठायचा असतो. तुम्हाला आणखी कुणाकुणासारखं चालता येतं?”

“कुणासारखं हवंय ते सांगा.”

“असं कसं? माणूस एकदा बघितला की झालं?”

“एकदा नाही, मॅडम. दहा-बारा वेळा तरी त्याच्या मागनं हिंडावं लागतं. मग तो आपोआप अंगात येतो.”

त्या दिवशी निवृत्ती त्या बोळातून निवृत्त मुख्याध्यापकांसारखा चालला. ते चालताना छत्रीचा भार उजव्या कोपरावर घ्यायचे, छत्री नसली तरी. पडद्यावर मुख्याध्यापकांचं नाव उमटलं आणि खाली आकडा, खात्री त्र्याण्णव टक्के. अश्लेषाबाईंनी टाळी वाजवली. निवृत्तीला काय झालं कोण जाणे, त्याचे डोळेच भरून आले. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी फसलं होतं. यंत्र का असेना!

मग रोजचं जाणं सुरू झालं. दूधवाला, तलाठी, पाठीत बाक आलेली भाजीवाली, नव्या बुटातला नवरदेव. निवृत्तीजवळ अशा चाळीसेक चाली होत्या. तो एक काढायचा, यंत्र फसायचं, सगळे हसायचे. पण संध्याकाळी सहाला अश्लेषाबाई यंत्राला दिवसभराच्या चाचण्या दाखवायच्या. हा दूधवाला नव्हता, हा निवृत्ती होता. मग यंत्र सोंगाच्या आतला निवृत्ती शोधायला शिकायचं. नडगीची लांबी, खुब्याचा कोन, हाडांची मापं काही सोंगानं बदलत नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच चाल चालली की पडद्यावर नाव यायचं, निवृत्ती सूर्यवंशी.

चार महिन्यांत चाळीसच्या चाळीस चाली संपल्या. त्याचं सगळं आयुष्य त्या बोळात एकेक करून यंत्राच्या पोटात गेलं. हे त्याला कळत होतं, तरी तो जात राहिला. कारण घरी जाऊन बोलायचं कुणाशी?

घर म्हणजे एक खोली. बायको हौसाबाई सात वर्षांपूर्वी रेठवडीला भावाकडे निघून गेली होती, आणि त्याच्या आधी एक वर्ष मुलगा घर सोडून गेला होता. अंकुश. एकुलता एक.

तो गेला त्याला कारण निवृत्तीच होता, आणि हे निवृत्तीला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या घराण्यात एक रीत होती. पोराला पहिलं काम लागलं की बापानं आपलं सर्वांत चांगलं सोंग घेऊन तिथं जायचं आणि चारचौघांसमोर पोराची टर उडवायची. निवृत्तीच्या वडलांनी त्याच्या पहिल्या जत्रेत वाघ होऊन त्याला पळवला होता, आणि निवृत्तीला तो मोठा मान वाटला होता. म्हणून अंकुश पंपाच्या कारखान्यात लागला त्याच आठवड्यात निवृत्ती फौजदार होऊन तिथं गेला. ‘अंकुश सूर्यवंशी कोण? चला, बेड्या घाला, ह्यानं आईच्या डब्यातले लाडू चोरलेत!’ सगळा कारखाना खो खो हसला. अंकुश हसला नाही. वडील कारकून आहेत असं त्यानं तिथं सांगितलं होतं.

संध्याकाळी तो घरी आला, पिशवी भरली, आणि म्हणाला, “तुम्हाला कधी कळणारच नाही, आबा.” बस्स. एकोणीस वर्षांचा पोरगा. त्यानंतर ना फोन, ना निरोप. हौसाबाईनं वर्षभर नवऱ्याशी एक शब्द न बोलता संसार केला आणि मग तीही गेली.

राहिली ती एक चाल. लहानपणापासून सोंगांची पेटी डाव्या खांद्यावरून वाहून अंकुशचा तो खांदा किंचित कलला होता. तो टाच थोडी घासायचा, आणि चालता चालता मधेच दोन पावलं भरभर टाकायचा, कुणी हाक मारल्यासारखी. निवृत्ती रोज तिन्हीसांजेला दाराला कडी लावून खोलीत तसा चालायचा. भिंतीपासून चुलीपर्यंत अकरा पावलं, परत अकरा. घरात फोटो होता, पण फोटोतला पोरगा नुसता उभा असायचा. ह्या बावीस पावलांपुरता तो निवृत्तीला भेटायचा, आणि हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

“आणखी एखादी चाल आहे का काका?” अश्लेषाबाईंनी एका सोमवारी विचारलं. “नसली तर आपलं काम आटोपलं. यंत्र आता तुम्हाला कशातही ओळखतं.”

निवृत्ती ‘नाही’ म्हणणार होता. पण त्याच्या मनात आलं, की खोलीत पोरगा कोंडल्यासारखा होतो. अकरा पावलांवर भिंत येते. एकदा तरी त्याला उघड्यावर, भर रस्त्यात, सरळ चालू द्यावं.

“आहे एक,” तो म्हणाला. “पण ही बोळात नको. स्टँडपासून धान्यबाजाराच्या फाटकापर्यंत जातो.”

“कुणाची?”

“आहे एकाची. तुम्ही नाही ओळखायच्या.”

त्यानं तोंडाला पंचा बांधला, स्टँडवर उतरला, डावा खांदा सोडला आणि निघाला. पासष्ट वर्षांचे गुडघे त्या दिवशी दुखलेच नाहीत. माणसं शेजारून जात होती, रिक्षावाले हाका मारत होते, आणि अंकुश त्यांच्यामधून चालला होता. कुणी अडवलं नाही, कुणी हसलं नाही. बाजाराचं फाटक आलं तेव्हा निवृत्तीला थांबवेना, म्हणून तो तसाच आणखी शंभर पावलं पुढे गेला.

केंद्रात परतला तेव्हा अश्लेषाबाई पडद्यासमोर उभ्या होत्या.

“काका, सत्त्याण्णव टक्के! एवढी खात्री कुणाचीच आली नव्हती. बेपत्ता माणसांच्या यादीतला आहे. कोण हा अंकुश निवृत्ती...” त्या तिथंच अडखळल्या. मग खुर्ची ओढून खाली बसल्या. निवृत्तीनं त्यांना बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“तो यादीत कसा?” निवृत्तीला काही उमजेना. “तो गेला तेव्हा चालनोंद नव्हतीच.”

“बेपत्ता माणसांच्या घरच्यांकडून आम्ही जुने व्हिडिओ मागवले होते. लग्नातले, वरातीतले. त्यावरनं चाल काढली. हा व्हिडिओ हौसाबाई सूर्यवंशी यांनी दिलाय, तीन वर्षांपूर्वी.” त्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. “काका, बेपत्ता माणूस दिसला की त्याच मिनिटाला फिर्याद देणाऱ्याला निरोप जातो. यंत्रच पाठवतं. तो गेलाय.”

हौसाबाईनं असं काही दिलंय हे त्याला कोण सांगणार होतं? तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

हौसाबाई एकच्या एसटीनं आली. पीठ मळता मळता उठून आली होती, कोपरापर्यंत कणीक वाळलेली. केंद्राच्या दारात तिनं कुणाला काही विचारलं नाही, नुसतं म्हणाली, “माझा मुलगा सापडलाय.”

अश्लेषाबाईंनी तिला पडद्यासमोर बसवलं. निवृत्ती शेजारच्या खोलीत, काचेच्या आड उभा होता. पडद्यावर तोंड बांधलेला एक माणूस स्टँडवरून निघाला, खांदा कलता, टाच घासत. मधेच त्यानं दोन पावलं भरभर टाकली.

“हाच,” हौसाबाई म्हणाली. “वाळलाय. पण हाच. माझं बाळ ते.” तिनं पडद्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसली. “कुठं बसवलंय त्याला? काही खाल्लं का त्यानं?”

अश्लेषाबाई बाहेर आल्या. “काका, तुम्ही सांगता, की मी?”

निवृत्तीनं आयुष्यात हजार दारांत पाऊल टाकलं होतं, पण ह्या दारात टाकताना पाय उचलेना. हौसाबाईनं वर बघितलं. त्याला तिथं बघून तिला आधी बरंच वाटलं असावं, कारण ती म्हणाली, “तुम्हालाही कळवलं होय? बघितलंत का त्याला?”

“हौसा, तो नव्हता. मी होतो.”

“काय तुम्ही होता?”

“ते चालणं माझं आहे. मी इथं कामाला आहे. यंत्राला फसवायचं काम. मला माहीत नव्हतं, तू त्याची चाल इथं दिली आहेस.”

तिनं मान हलवली. पुन्हा पडद्याकडे बघितलं. “मला फसवू नका. मी आई आहे. मला कळत नाही का?”

“मीच होतो गं.”

“मग दाखवा चालून.”

दाराबाहेर तो बोळ होता. निवृत्ती त्याच्या टोकाला गेला आणि तिच्या दिशेनं चालत आला. तोंड उघडं, पांढऱ्या मिशा, आणि त्याखाली तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा. हौसाबाई फक्त पायांकडे बघत होती.

“परत,” ती म्हणाली.

तो परत चालला.

“परत.”

तिसऱ्या खेपेला ती भिंतीकडे वळली आणि तिचा बांध फुटला. “बस करा! बस करा आता!” ती रडत रडत खालीच बसली. “आठ वर्षं ह्या एका निरोपावर जीव लावून बसले होते मी. तो आला, आणि त्यातसुद्धा तुमचंच सोंग निघालं. काय पाप केलं होतं हो मी?”

निवृत्ती तिच्यापासून चार हातांवर उभा राहिला. तिच्या जवळ जावं असं त्याला फार वाटलं, पण आपला तो हक्क आता राहिला नाही, असंही वाटलं. अश्लेषाबाईंनी पाणी आणलं. हौसाबाईनं ते घेतलं नाही.

मग अश्लेषाबाई म्हणाल्या, “तुम्हा दोघांना एक सांगायला हवं. सहा वाजेपर्यंतच वेळ आहे.” आणि त्यांनी जे सांगितलं ते असं होतं.

यंत्राच्या लेखी अंकुश आता सापडला होता. काहीच केलं नाही, तर सहा वाजता त्याची फाइल मिटणार होती. मग तो खरोखरच एखाद्या खांबाखालून गेला तरी कुणाला निरोप जाणार नव्हता. आणि ही चाचणी होती असं नोंदवलं, तर यंत्र शिकणार, की ही चाल निवृत्तीची.

“मग शिकू दे की,” निवृत्ती म्हणाला.

“काका, चार महिने यंत्रानं तुमची हाडं मोजलीत. आणि बापलेकांच्या हाडांची मापं जवळजवळ सारखी आहेत. मी आत्ताच तपासली. त्यात चालही तीच. एकदा ती तुमच्या नावावर चढली, की उद्या अंकुश स्वतः स्टँडवर उतरला तरी यंत्र सांगेल, निवृत्ती सूर्यवंशी आला. नोंदीत काही गैर नाही. दिवा हिरवा.”

हौसाबाईनं डोळे पुसले. “म्हणजे मेल्यातच जमा झाला की तो.”

“दोघांची नावं ठेवता येत नाहीत?” निवृत्तीनं विचारलं.

“एका मापावर एकच नाव.” अश्लेषाबाई म्हणाल्या. “एक वाट आहे. पण ती मी तुम्हाला सुचवणार नाही.”

“सांगा तर खरं.”

“यंत्रातून तुमचं नाव काढायचं. तुम्हीच नाहीत, तर गोंधळ कुणाशी होणार? मग फाइल परत उघडता येते. कायद्यानं प्रत्येकाला आपली नोंद मागे घ्यायचा हक्क आहे. चार पानांचा अर्ज आहे. माझ्या नोकरीत तो कुणी भरलेला मी बघितला नाही. कारण मग दार उघडत नाही, बस घेत नाही, दवाखान्यात केसपेपर निघत नाही. प्रत्येक खांबाखाली दिवा पिवळा होतो. आणि एकदा काढलेली नोंद पुन्हा होत नाही.”

“आणा अर्ज,” निवृत्ती म्हणाला.

“काका, शांतपणे विचार करा. तुमचं वय बघा. तुमचं पुढं काय?”

“माझं काय? मला कोण शोधतंय?”

हे तो सहज बोलून गेला. हौसाबाईनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं चारही पानांवर अंगठा उठवला आणि खाली सहीसुद्धा केली. सहाला दहा मिनिटं असताना यंत्रात निवृत्ती सूर्यवंशी नावाचा माणूस उरला नाही.

स्टँडपर्यंत तो तिला सोडायला गेला. वाटेत प्रत्येक खांबावर पिवळा दिवा लागत होता, पण अश्लेषाबाई सोबत होत्या म्हणून कुणी अडवलं नाही. एसटीत चढताना हौसाबाई म्हणाली, “पुन्हा तसं चालू नका.”

“नाही चालणार.”

“घरातसुद्धा.”

तो चपापला. “तुला काय माहीत?”

“रोज केल्याशिवाय इतकं हुबेहूब येतं का? शब्द द्या मला.”

“दिला,” निवृत्ती म्हणाला. एसटी निघून गेली.

आणि तो चाललाही नाही. तिन्हीसांजेला दाराला कडी लावून चुलीसमोर बसून राहायचा. पाय शिवशिवायचे, तो ते पोटाशी घ्यायचा. मुलगा एकदा घरातून गेला होता, आता पायांतूनही गेला. अश्लेषाबाई सुरुवातीला आठवड्यातून एकदा डोकावायच्या, मग त्यांची बदली झाली. इमारतीचं दार त्याला घेईना, म्हणून तो दुसरं कुणी येईपर्यंत फाटकाशी थांबायचा. कुणाच्या जिन्यात पाऊल टाकलं की वरची दारं एकामागून एक बोलायची, “अनोळखी व्यक्ती. दार उघडू नये.” ज्यांच्याकडे चाळीस वर्षं त्यानं चहा घेतला होता ती माणसं दाराच्या आत श्वास रोखून उभी राहायची. खरं तर आता कुठलंही सोंग घेता आलं असतं, यंत्राच्या बापालाही ओळखता आलं नसतं. पण दारच कुणी उघडेना, तर दचकणार कोण? त्यानं खाकी टोपी पेटीत ठेवली.

अर्जानंतर पाच महिन्यांनी, एका गुरुवारी सकाळी तो उंबऱ्यात बसून चपलेचा अंगठा शिवत होता. फोन वाजला. हौसाबाईचा होता. तिनं सात वर्षांत त्याला फोन केला नव्हता.

“कुठं आहात?” तिनं विचारलं.

“घरी. का गं?”

“खरं सांगा. कुठं आहात?”

“घरीच. चप्पल शिवतोय.”

पलीकडे रेठवडीच्या एसटी स्टँडचा गलका ऐकू येत होता. “निरोप आलाय. अंकुश दिसला म्हणून. सोनवळ, धान्यबाजाराचं फाटक, अकरा वाजून चार मिनिटं. खात्री शहाण्णव.” मग ती एकदम ओरडली, “शब्द दिला होता ना मला! का छळता हो असं?”

निवृत्तीच्या हातातून चप्पल पडली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

“हौसा, मी नाही. तुझी शपथ, मी घरातून हललोही नाही.”

“कशावरून?”

पूर्वी कुठल्याही खांबानं सांगितलं असतं, निवृत्ती आज बाहेर पडलेला नाही. आता कुठल्याच खांबाला तो माहीत नव्हता. शेजारी दार उघडत नव्हते. सकाळपासून एका माणसानं त्याला पाहिलं नव्हतं. जन्मभर त्यानं खोटं ते लोकांना खरं वाटायला लावलं, आणि आज खरं ते एका बाईला पटवायचं तर त्याच्या हातात काही नव्हतं.

“मी निघालो बाजाराकडं,” तो म्हणाला. “तू फोन ठेवू नको. ठेवू नको हं!”

तो एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तसाच धावत सुटला. तोंड बांधायचंही राहिलं. फोन त्यानं छातीशी धरला होता, आणि त्यातून तिचा श्वास ऐकू येत होता. तिनं फोन ठेवला नव्हता. बाजाराच्या वळणावर खांबाचा दिवा पिवळा झाला, भोंगा ओरडला आणि हवालदार आडवा आला. नवीन होता, निवृत्तीनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

“थांबा. नोंद नाही तुमची. कुठं पळताय?”

“साहेब, सोडा मला. माझा मुलगा आहे तिथं.”

“सगळे असंच म्हणतात, आजोबा. नियम आहे. नोंदीतल्या कुणीतरी तुम्हाला ओळखतो असं तोंडी सांगितलं तर सोडतो. नाहीतर चौकीत दोन तास बसा. आहे का कुणी?”

पाच महिन्यांत हा प्रश्न त्याला कितीतरी वेळा विचारला गेला होता. दर वेळी तो ‘कुणी नाही’ म्हणून मुकाट्यानं चौकीच्या बाकावर जाऊन बसला होता. आज त्यानं हवालदाराच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. फाटकातून माणसं स्टँडकडे निघाली होती, सगळ्यांची तोंडं बांधलेली. त्या गर्दीत एक खांदा कलता दिसला, आणि पुन्हा दिसेनासा झाला.

त्यानं फोन पुढे केला. “हिला विचारा.”

हवालदारानं फोन कानाला लावला आणि निवृत्तीला एकदा पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“बाई, इथं एका म्हाताऱ्या माणसाला थांबवलंय. म्हणतो, मी खरं बोलतोय, आणि तुम्ही मला ओळखता. काय सांगू मी? ओळखता का तुम्ही ह्यांना?”